ग्वेन पुलावरून पडली तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मुक्त पतन आणि संवेग हा भाग आला की दरवर्षी मी फळ्यावर एक पूल काढायचो. पुलाच्या मनोऱ्यावरून पडणारी एक काडीची आकृती, खाली नदी, आणि बाजूला दोन आकडे : वस्तुमान ५० किलो, उंची ९० मीटर. मग वर्गाला विचारायचो, ही मुलगी खाली पडते आहे. वर उभ्या असलेल्या तिच्या मित्रानं दोरी फेकली, दोरी तिच्या पायांना पकडून बसली आणि पाण्याला टेकण्याआधीच मुलगी थांबली. ती वाचली की नाही?

"वाचली, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. मग मी खडू हातात घेऊन दाखवायचो, की नाही वाचली. दोरीनंच ती मेली. वर्ग गप्प व्हायचा आणि मला मास्तरकीचं ते एक खास समाधान मिळायचं.

एका वर्षी मात्र पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही गोष्ट खरी आहे का? कोण होती ती?" मी म्हटलं, "खरी नाही. कॉमिकमधली आहे. ग्वेन स्टेसी तिचं नाव. स्पायडरमॅनची मैत्रीण." ती म्हणाली, "ते कळलं सर, पण ती स्वतः काय करायची?"

मला उत्तर देता आलं नाही. ग्वेन कुठल्या अंकात मेली, कुणी मारली, किती वेगानं पडली, हे सगळं मला तोंडपाठ होतं. ती जिवंत असताना काय करत होती, ते आठवेना. त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज तुमच्यासमोर देतो आहे.

आमच्या पिढीची कॉमिकशी ओळख झाली ती इंद्रजाल कॉमिक्समधून. १९६४ साली ही मालिका सुरू झाली आणि वेताळ मराठी बोलू लागला. वेताळाची डायना पामर अनेकदा संकटात सापडायची, कुणीतरी तिला पळवून न्यायचं, पण आम्ही निर्धास्त असायचो. वेताळ येणार, आणि डायना सुटणार. १९७७ मध्ये तर दोघांचं लग्नही झालं. सुपरमॅनच्या लोइस लेनचंही तेच. १९३८ पासून ती इमारतींवरून पडते आहे, आणि सुपरमॅन तिला अलगद झेलतो आहे. १९७८ च्या सिनेमात ती एकदा मेली, तर या गृहस्थानं पृथ्वीभोवती उलट्या दिशेनं घिरट्या घालून काळच मागे नेला आणि तिला परत आणलं! सुपरहिरोच्या जगाचा हा अलिखित करारच होता म्हणा ना. नायकाच्या प्रेयसीवर संकट यायचं, पण तिच्या जिवाला धक्का लागायचा नाही.

हा करार मोडला तो जून १९७३ ची तारीख असलेल्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात. मला तो वाचायला मिळाला आठ-नऊ वर्षांनी, कॉलेजात असताना, मुंबईच्या फोर्टातल्या पदपथावर. कोपरे दुमडलेली, कुणाकुणाच्या हातून फिरून आलेली प्रत होती. लोकलमध्ये उभ्यानंच वाचली, आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं.

आता स्पायडरमॅन हा मुळात कसा वेगळा, ते दोन शब्दांत सांगायला हवं. स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये त्याला जन्माला घातलं. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधला शाळकरी पोरगा. आईबाप नाहीत, काका-काकूंनी वाढवलेला. कोळी चावल्यामुळे अंगात शक्ती येते. ती मिळाल्यावर पोरगा मिजासीत येतो आणि समोरून पळणाऱ्या एका चोराला 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो. तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. म्हणजे या नायकाची सुरुवातच अपराधाच्या जाणिवेतून होते. पुढे तो लोकांना वाचवत फिरतो, पण खिशात पैसे नसतात, काकू आजारी असते, परीक्षा तोंडावर असते. आपल्या चाळीतल्या कुठल्याही मुलासारखाच म्हणायचा.

हा पीटर कॉलेजात जातो त्या पहिल्याच अंकात, म्हणजे डिसेंबर १९६५ च्या ३१ व्या अंकात, ग्वेन स्टेसी येते. आणि इथे माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती. पीटरच्याच वर्गात शिकणारी, हुशार आणि मानी. काकू रुग्णालयात असल्यामुळे पीटर आपल्याच विचारात बुडालेला असतो, कुणाकडे बघत नाही. ग्वेनला ते खटकतं. हा स्वतःला समजतो कोण, असा तिचा पवित्रा असतो. डिटकोंनी रंगवलेली ही ग्वेन तिखट आहे, नजरेला नजर देणारी आहे.

१९६६ मध्ये डिटको मालिका सोडून गेले आणि जॉन रोमिता चित्रं काढू लागले. त्यांच्या हातात ग्वेन अधिकाधिक सुंदर होत गेली आणि गोडही. त्याच वर्षाच्या अखेरीस, ४२ व्या अंकात, लाल केसांची, हसरी, बेफिकीर मेरी जेन वॉटसन दारात उभी राहिली. वाचकांत दोन तट पडले. पीटरनं मात्र ग्वेनची निवड केली.

ग्वेनला आई नव्हती. वडील कॅप्टन जॉर्ज स्टेसी, पोलीस दलातले निवृत्त अधिकारी. नोव्हेंबर १९७० च्या ९० व्या अंकात स्पायडरमॅन आणि डॉक्टर ऑक्टोपस यांची छपरावर मारामारी चालू असताना वरून विटा कोसळतात. खाली उभ्या असलेल्या एका लहान मुलाला वाचवायला हा म्हातारा धावतो आणि स्वतः ढिगाऱ्याखाली सापडतो. मरता मरता तो स्पायडरमॅनला पीटर म्हणून हाक मारतो. त्याला सगळं ठाऊक असतं. माझ्या मुलीला सांभाळ, असं सांगून तो प्राण सोडतो.

ग्वेनला यातलं काहीच कळत नाही. तिच्या लेखी स्पायडरमॅन हाच वडिलांच्या मृत्यूला जबाबदार. म्हणजे जिच्यावर पीटरचं प्रेम, ती त्याच्याच दुसऱ्या रूपाचा मनापासून तिरस्कार करते, आणि तो तिला खरं सांगू शकत नाही. या गाठीतून पुढे काय काय निघालं असतं! ती एक दिवस त्याच्यासमोर उभी राहून जाब विचारू शकली असती. पण मूळ कथेत पीटरनं आपलं गुपित तिला कधी सांगितलंच नाही. ते सांगायची वेळ येण्याआधीच लेखकांनी तिचा निकाल लावला.

तो का लावला, हेही ऐकण्यासारखं आहे. १९७३ च्या सुमारास मालिका लिहीत होते जेरी कॉनवे. वय अवघं वीस. मालिकेला हादरा द्यायचा, पीटरच्या जवळच्या कुणाला तरी मारायचं, असं ठरत होतं. आधी नाव निघालं म्हाताऱ्या मे काकूचं. रोमिता म्हणाले, काकू गेली तर वाचकाला धक्का बसणार नाही, ग्वेनला मारा. त्यांच्या डोक्यात लहानपणची एक आठवण होती. मिल्टन कॅनिफ यांच्या 'टेरी अँड द पायरेट्स' या वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत १९४१ मध्ये रेव्हन शर्मन नावाची नायिका मेली होती, आणि वाचक हळहळले होते. कॉनवेंनाही मेरी जेन जास्त जिवंत वाटायची. ग्वेन-पीटरची जोडी इतकी जमून गेली होती, की पुढे लग्नाशिवाय काही उरलं नव्हतं. लग्न झालं की नायक प्रौढ होणार, आणि ते परवडणारं नव्हतं. म्हणजे बघा, आधी तिला गोड गोड करून टाकलं, आणि मग ती फारच गोड झाली म्हणून मारलं.

संपादक होते रॉय थॉमस, चित्रं गिल केन यांची आणि त्यांवर शाई मुख्यतः रोमितांची. स्टॅन ली यांनी पुढे सांगितलं, की आपण अशी परवानगी दिल्याचं आपल्याला आठवत नाही. कॉनवेंचं म्हणणं वेगळं. घरातल्या लग्नात जेवण कमी पडलं की आचारी, यजमान आणि वाढपी एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यातलाच प्रकार.

तर आता तो अंक. मुखपृष्ठावर पीटरच्या सगळ्या आप्तेष्टांचे चेहरे, आणि यांतलं कुणीतरी मरणार असा इशारा. कथेचं नाव पहिल्या पानावर छापलेलं नाही, ते थेट शेवटच्या पानावर येतं, कारण त्या नावातच ग्वेनचा मृत्यू आहे. पीटरच्या मित्राचा बाप नॉर्मन ऑस्बर्न, म्हणजेच ग्रीन गॉब्लिन हा खलनायक. पीटरचं गुपित त्याला माहीत आहे. तो पीटरच्या घरातून ग्वेनला उचलतो आणि पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो. मजकुरात पुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज दिलं आहे, चित्र मात्र ब्रुकलिन ब्रिजसारखं दिसतं. यावर आजही वाद घालणारे रसिक आहेत.

ग्वेन बेशुद्ध आहे. या सगळ्या अंकात तिच्या वाट्याला बोलणं फार थोडं आहे. मारामारी होते, गॉब्लिन आपल्या उडत्या यंत्रावरून येऊन तिला धक्का देतो आणि ती पडते. स्पायडरमॅन मनगटातून जाळ्याचा धागा सोडतो. धागा तिच्या पायांना चिकटतो. ती थांबते. तो तिला वर ओढून घेतो, स्वतःवर खूश होतो, तिच्याशी बोलू लागतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं, की ती मेलेली आहे.

गॉब्लिन वर घिरट्या घालत हसतो. त्याचं म्हणणं असं, की इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोचण्याआधीच मरतो. पण त्या पानावर एक बारीकशी गोष्ट आहे. धागा तिला अडवतो त्या चित्रात तिच्या मानेजवळ एक छोटा शब्द छापलेला आहे, काडी मोडल्यासारख्या आवाजाचा. अनेकांच्या नजरेतून तो सुटला. लोकलमध्ये माझ्याही नजरेतून सुटला होता. घरी येऊन पुन्हा वाचताना तो दिसला, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

वाचकांची पत्रं आली. नक्की कशानं मेली ती? पडल्यानं की थांबवल्यानं? त्याच वर्षी १२५ व्या अंकातल्या पत्रव्यवहारात संपादकांनी खुलासा केला : जाळ्यानं तिला एकदम थांबवलं, त्या हिसक्यानं मान गेली. थोडक्यात, नायकाच्या हातून गेली.

इथे माझा फळा येतो. गॉब्लिनचं म्हणणं आधी निकालात काढू. नुसत्या पडण्यानं माणूस मरत नाही. तसं असतं तर हवाई छत्रीवाले विमानातून उडी मारून जिवंत खाली आलेच नसते. जीव घेतं ते थांबणं.

९० मीटर पडायला हवेचा विरोध सोडला तर सुमारे ४.३ सेकंद लागतात. तेवढ्यात वेग होतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी साधारण दीडशे किलोमीटर. आता हा वेग शून्यावर आणायचा आहे. तो किती वेळात आणता, यावर सगळं अवलंबून. अर्ध्या सेकंदात आणला तर ५० किलोच्या मुलीला बसणारी ओढ होते जवळजवळ पावणेपाचशे किलो वजनाइतकी. एक दशांश सेकंदात आणला तर ती दोन टनांच्या वर जाते. आणि ही ओढ बसते पायांना. डोकं तर खाली लटकतं आहे. त्याला थांबवायला मान सोडून दुसरं आहे काय?

हे गणित करणारा मी एकटा नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे जेम्स काकॅलिओस यांनी सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावर २००५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातही ग्वेनच्या पडण्याचं गणित आहे, आणि निष्कर्षही हाच आहे, की संपादकांचा खुलासा विज्ञानाला धरून होता.

तुम्हाला हे रोजच्या जगण्यातून ठाऊक आहेच. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना आपण हात चेंडूबरोबर मागे नेतो. हात ताठ ठेवले तर बोटं मोडतात. चेंडू तोच, वेग तोच, फक्त थांबण्याचा वेळ वाढवला. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारी मुलं जो दोर बांधून वर चढतात, तो मुद्दाम ताणला जाणारा असतो. पडलं तर दोर लांबतो, हिसका खातो, आणि पाठीचा कणा वाचतो. ताणला न जाणारा दोरही त्यांच्याकडे असतो, पण तो उतरण्यासाठी. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो वापरत नाहीत.

म्हणजे पीटरनं प्रयत्न केला नाही असं नाही. प्रेम कमी पडलं असंही नाही. त्यानं घाई केली, आणि ती स्वाभाविक होती. बुडणाऱ्याच्या केसाला धरून ओढणारा माणूस विचार करून ओढत नाही. कॉमिकच्या वाचकाला तोवर वाटत होतं, की शक्ती आणि चांगला हेतू एवढं असलं की भागतं. भागत नाही, हे त्या छोट्याशा आवाजानं सांगितलं. पुष्कळ अभ्यासक अमेरिकी कॉमिक्सचा भाबडा काळ इथे संपला असं मानतात.

पुढच्या, १२२ व्या अंकात पीटर सूड घ्यायला निघतो, पण ऐन वेळी हात आवरतो. गॉब्लिन स्वतःच्याच यंत्राच्या टोकावर जातो. सूड पुरा झाला तरी पीटरच्या हाती काही लागत नाही. घरी मेरी जेन बसलेली असते. हा तिच्यावर तुटून पडतो, तुला कुणाचं काय पडलंय, जा निघून, म्हणतो. ती रडत दारापर्यंत जाते. थांबते. आणि दार आतून लावून घेते. ती जात नाही. तिथे पुन्हा एक छोटा आवाज छापलेला आहे, कडी लागल्याचा. आजवर मौजमजा करणारी मुलगी त्या एका चित्रात मोठी झाली. हे दोन अंक इतकी वर्षं टिकले, ते नुसत्या धक्क्यामुळे नव्हे, या दारामुळेही.

पण धंद्यातल्या लोकांनी त्यातून धडा घेतला तो धक्क्याचा. आधी आरडाओरडा झाला. स्टॅन ली महाविद्यालयांत व्याख्यानाला गेले की पोरं जाब विचारायची. १९७५ मध्ये कॉनवेंनाच एक कथा लिहावी लागली, तिच्यात ग्वेनची हुबेहूब प्रतिकृती येऊन उभी राहते. पण ती खरी ग्वेन नव्हे, आणि शेवटी निघून जाते. खरी ग्वेन मेलीच. आणि पुढे मग रांगच लागली. डेअरडेव्हिल नावाच्या नायकाची प्रेयसी इलेक्ट्रा १९८२ मध्ये मारली गेली. ती नंतर परतली, पण त्याच नायकाची कॅरन पेज १९९९ मध्ये गेली, तीही त्याच खलनायकाच्या हातून. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न या मालिकेत नायक घरी येतो, तर मैत्रीण अलेक्झांड्रा डिविट हिचा मृतदेह फ्रिजमध्ये कोंबलेला. ती मालिकेत येऊन थोडेच अंक झाले होते. तिचं काम एवढंच, की नायकाला संताप यावा.

१९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या एका वाचक बाईंनी एक यादी केली. कॉमिक्समध्ये मारलेल्या, अपंग केलेल्या, अत्याचार झालेल्या स्त्री-पात्रांची. यादी लांबली. त्या फ्रिजवरूनच यादीला नाव दिलं. त्यांचा प्रश्न साधा होता : हे सगळं या बायकांच्या बाबतीत घडतं, पण गोष्ट मात्र कायम नायकाच्या दुःखाची असते, ती का? या बाई पुढे स्वतः नावाजलेल्या कॉमिक लेखिका झाल्या, वंडर वुमनच्या कथा त्यांनी लिहिल्या.

त्या यादीबद्दल मी वाचलं तेव्हा मला माझा फळा आठवला. कॉनवेंनी ग्वेनला पीटरच्या दुःखाचं कारण केलं. मी तर तिला 'वस्तुमान ५० किलो' करून टाकलं होतं. दोघांनाही ती पडण्यापुरतीच हवी होती.

ग्वेनकडे माणूस म्हणून बघणारी एक कथा १९९४ मध्ये आली होती. 'मार्व्हल्स' तिचं नाव, लेखक कर्ट ब्युसिक, आणि चित्रं अॅलेक्स रॉस यांनी रंगवलेली. चार भाग. शेवटच्या भागात फिल शेल्डन हा म्हातारा छायाचित्रकार ग्वेनला भेटतो. कॅप्टन स्टेसींच्या मृत्यूबद्दल तो माहिती गोळा करतो आहे. रस्त्यावर समुद्रातली अद्भुत सेना अवतरलेली असताना सगळे घाबरतात, ही मुलगी मात्र भान हरपून, आनंदानं बघत राहते. फिलला वाटतं, सुपरहिरो असतात ते हिच्यासारख्यांसाठी. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत पुलावर ती घटना घडते. प्रसंग तोच, पण तिला जिवंत पाहून झाल्यावर तो वेगळाच लागतो.

सिनेमानं मात्र बराच काळ हात आखडता घेतला. २००२ च्या चित्रपटात गॉब्लिन पुलावरून टाकतो ती मेरी जेनला, आणि ती वाचते. २०१४ मध्ये एमा स्टोननं रंगवलेली ग्वेन पडद्यावर गेली. तिथे पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा आहे. ती विज्ञानात पीटरला मागे टाकणारी, स्वतःच्या हिमतीनं संकटात उतरणारी दाखवली होती. तरीही धागा पोचेपर्यंत उशीर झालाच.

गंमत म्हणजे त्याच २०१४ मध्ये कॉमिक्समध्ये ग्वेन परतली. लेखक जेसन लाटूर आणि चित्रकार रॉबी रॉड्रिग्ज यांनी एक निराळं विश्व कल्पिलं. तिथे कोळी पीटरला नव्हे, ग्वेनला चावतो. मनगटातून जाळं आता ती सोडते. आणि त्या विश्वात मरतो तो पीटर. त्याला वाचवता आलं नाही, हे ओझं तिला वागवावं लागतं. म्हणजे तिच्या वाट्याला नुसती शक्ती आली नाही, अपराधाची जाणीवही आली. नायकपण यातूनच येतं, हे स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीतच आपण पाहिलं. २०१८ च्या 'इन्टू द स्पायडरव्हर्स' या चित्रपटानं ही ग्वेन जगभर पोचवली.

२०२३ मध्ये आलेल्या त्याच्या पुढच्या भागात आपल्या मुंबईचाही धागा आहे. २००४ मध्ये भारतीय कलाकारांनी स्पायडरमॅनची मुंबईतली आवृत्ती काढली होती. नायकाचं नाव पवित्र प्रभाकर. पीटर पार्करच हो, धोतर नेसलेला! हा पवित्र २०२३ च्या चित्रपटात येतो. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेल्या मुंबॅटन नावाच्या शहरात तो राहतो. त्याची मैत्रीण गायत्री, आणि तिचे वडील पोलीस इन्स्पेक्टर. ही जोडी तुम्हाला ओळखीची वाटेल. ग्वेन आणि कॅप्टन स्टेसीच आहेत ते. प्रत्येक विश्वात स्पायडरमॅनच्या जवळच्या पोलीस अधिकाऱ्यानं मरायचंच, असा नियम असल्याचं सिनेमात सांगतात. आणि मुंबॅटनमध्ये, ढासळणाऱ्या इमारतींच्या धुरळ्यात, दुसऱ्या विश्वातून आलेला पोरगा माइल्स त्या बापाला वाचवतो. सगळे त्याच्यावर रागावतात, तू नियम मोडलास म्हणून. हा नियम कुणी केला, असा प्रश्न तो पोरगा विचारतो. पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या कचेरीत कुणी विचारला असता तर?

आणि २०२१ च्या चित्रपटात, ग्वेन जिच्या हातून निसटली तोच स्पायडरमॅन पुन्हा एका पडणाऱ्या मुलीकडे बघतो. या वेळी तो वरून धागा फेकत नाही. तो स्वतः तिच्यामागे उडी घेतो, हवेत तिला कवेत घेतो आणि मग दोघांचा वेग सावकाश कमी करत जमिनीवर उतरतो. चित्रपटगृहात लोक डोळे पुसत होते. मीही पुसले. पण माझ्यातला मास्तर मनात म्हणत होता, बरोबर! असंच करायला हवं होतं. आधी तिच्या वेगाला जाऊन मिळायचं आणि मग हळूहळू थांबायचं.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या वर्षी ते गणित मी पुन्हा घातलं. पूल काढला, नदी काढली. पण 'वस्तुमान ५० किलो' लिहिण्याआधी ग्वेन स्टेसी असं नाव लिहिलं आणि पाच मिनिटं तिची गोष्ट सांगितली. वडिलांची, तिच्या रागाची, तिला कधीच न कळलेल्या गुपिताची. प्रश्नही बदलला. ती वाचली का, असं न विचारता विचारलं, तिला वाचवायचं तर काय काय करता येईल? एरवी उत्तराची वाट बघत बसणारी मुलं त्या दिवशी अर्धा तास भांडली. कुणी ताणणारा धागा सुचवला, कुणी एकाऐवजी दहा धागे, कुणी खाली जाळं पसरायला सांगितलं. एका मुलानं उठून सांगितलं, की सर, आधी तिला खरं सांगायला पाहिजे होतं, म्हणजे ती सावध राहिली असती. हे उत्तर भौतिकशास्त्रात बसत नाही, पण मी त्याला पूर्ण गुण दिले.

पुढच्या बाकावरून तो पहिला प्रश्न विचारणारी मुलगी तोवर केव्हाच शिकून बाहेर पडली होती. ती भेटली तर सांगेन : ग्वेन विज्ञानाची विद्यार्थिनी होती, बाई. हे गणित तिला माझ्याआधी सुटलं असतं.